टेक, टूक, टेकन

यॉर्क, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीचे कपडे घालते. व्हिडिओ कॉलवर गाल बसलेले दिसतात ते खोलीतल्या दिव्यामुळे. रात्रपाळीला आम्ही एकट्या नसतो आणि घरी बसनेच येते, हे आई तुला आधीही सांगितलंय.

परवा फोन चालू असताना कुणीतरी मला ‘टेक केअर’ म्हणालं आणि तू घाबरलीस, ‘तुला काय झालंय?’ म्हणून. काही झालेलं नाही गं! इथे निघताना सगळेच तसं म्हणतात. दुकानातली बाई म्हणते, पार्सलवाला म्हणतो, बसमध्ये शेजारी बसलेली आजीही उतरताना म्हणते. आपण ‘येते हं’ म्हणतो तेव्हा खरंच लगेच परत येणार असतो का? तसंच ते. उत्तरादाखल ‘यू टू’ म्हणायचं आणि चालू लागायचं. थांबून ‘का बरं?’ असं विचारायचं नाही.

बाबा, हे पुढचं तुमच्यासाठी. शाळेत तुम्ही पोरांकडून टेक-टूक-टेकन घोकून घेतलंत, पण ते क्रियापद मुळात इंग्रजांचं नव्हेच! 866 साली स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांनी हे यॉर्क जिंकलं आणि त्यांचा ‘टाका’ इंग्रजीत शिरून ‘टेक’ झाला. त्याआधी घेण्याला इंग्रज ‘निमन’ म्हणत. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘नेमेन’ अजून नांदतोय, इंग्रजीत मात्र पार पुसला गेला. उरला तो बधिर या अर्थाच्या ‘नम’ (numb) या शब्दात. नम म्हणजे मुळात पकडलेला, संवेदना हिरावून घेतलेला. त्यातला बी मुका असतो असं तुम्ही फळ्यावर लिहून शिकवायचात, तो बी मागाहून चिकटलाय. चपळ या अर्थाचा ‘निंबल’ही त्याच घरातला, म्हणजे चटकन उचलणारा.

मला याचं फार नवल वाटतं. वस्तूंची नावं कुणीही उसनी घेतं. 1737 पर्यंत आपल्या ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता, त्यांच्याकडून पगार, चावी, बटाटा आले. पण घेणं, देणं, जाणं आपलंच राहिलं. ‘घेणं’च परक्याकडून घ्यायचं म्हणजे ती माणसं किती जवळ राहिली असतील! गावातल्या कॉपरगेटला 1976 ते 1981 खोदकाम झालं. तिथे सापडलेला व्हायकिंगांच्या काळातला लोकरीचा मोजा संग्रहालयात आहे, एकाच सुईने विणलेला. आई, तू तो पाहायला हवा होतास. आणि इथलं ‘गेट’ म्हणजे फाटक नाही बरं का, रस्ता. तोही त्यांचाच शब्द.

वॉर्डात तर ‘टेक’शिवाय पान हलत नाही. तातडीचे पेशंट ज्या डॉक्टरांनी दाखल करून घ्यायचे, ते त्या दिवशी ‘ऑन टेक’. एका आजींनी आईचा फोटो पाहून म्हटलं, ‘यू टेक आफ्टर हर’. म्हणजे मी आईच्या वळणावर गेलेय. मी त्यांना लगेच चहा आणून दिला.

आता कामाचं. पैसे पाठवलेत. ते आईच्या मोतीबिंदूसाठी आहेत, बाबा, माझ्या नावाने एफडी करू नका. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर भाड्याचं मी बघीन, नौपाड्यातच घर शोधा, लांब घोडबंदरला नको. डोंबिवलीच्या मुलाचा बायोडाटा वाचला. मी नाही म्हणत नाही, पण नोकरी सोडून परत यायची अट असेल तर आत्ताच सांगून टाका. मावशीला वाईट वाटेल, तिच्याशी मी बोलेन.

गणपतीला रजा नाही मिळाली. डिसेंबरला नक्की. ऑपरेशनलाही मी नसणार. इथे रोज दुसऱ्यांच्या आयांच्या डोळ्यांत औषध घालते मी, आणि तुझ्या वेळी... असो. वहिनीला सगळं नीट समजावलंय, तरी लिहिते. हात साबणाने धुवायचे, खालची पापणी हलकेच ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. आणि आई, कितीही खाज आली तरी डोळा चोळू नकोस.

तुमची,
मनू