धूम्रपान न करणाऱ्यांचा कर्करोग आणि जनुकीय तपासणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी छापून येणाऱ्या मजकुरात सिगारेट-तंबाखूचा उल्लेख आधी येतो आणि तो रास्तच आहे; मात्र त्यामुळे विडीला कधी हातही न लावलेल्या माणसाच्या बाबतीत या रोगाची शंका कोणाला येत नाही. माझ्या नात्यातील एका गृहिणीला थुंकीत काही सापडलेले नसतानाही केवळ एक्स-रेवरील डागावरून टीबीची औषधे सुरू करण्यात आली आणि बायोप्सी झाली तोवर रोग मणक्यापर्यंत पोहोचला होता.

अशा रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, आढळणाऱ्या ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारात बरेचदा ईजीएफआर या जनुकात बिघाड असतो. या जनुकापासून बनणारे, पेशीला वाढण्याचा इशारा देणारे प्रथिन एरवी गरजेपुरतेच कार्यरत होते, पण या बिघाडानंतर ते थांबतच नाही. पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा भारतीय रुग्णांत हा बदल अधिक प्रमाणात दिसतो. तो बहुधा आईवडिलांकडून आलेला नसून हयातीत फुप्फुसाच्या पेशींतच घडलेला असतो, त्यामुळे मुलीच्या लग्नाच्या बोलणीत आईचे हे दुखणे लपवण्याचे काहीच कारण नाही. (दुर्दैवाने ते लपवले जाते.)

बाहेरच्या प्रदूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच कर्करोगकारक ठरवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, हवेतील सूक्ष्म कण फुप्फुसात दाह निर्माण करून, असा बदल आधीच झालेल्या पण स्वस्थ बसलेल्या पेशींना वाढीस लावतात. बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर रोज श्वासात घेणाऱ्या पुणेकरांनी याची नोंद घ्यायला हवी.

हा रोग पसरतो तो पेशींची परस्परांवरील पकड सुटल्यामुळे. सुटलेल्या पेशी रक्तात किंवा लसिकावाहिन्यांत शिरतात. बहुतेक तिथेच मरतात, पण तगलेल्या थोड्या मेंदू, हाडे, यकृत किंवा मूत्रपिंडावरील ग्रंथीत ठाण मांडतात. म्हणूनच कधीकधी खोकल्याऐवजी पाठदुखी किंवा डोकेदुखी हेच पहिले लक्षण ठरते.

ईजीएफआर किंवा एएलके जनुकातील बदल सापडल्यास त्यावर नेमक्या गोळ्या उपलब्ध आहेत, आणि ओसिमर्टिनिबसारखे औषध मेंदूपर्यंतही पोहोचते. त्यामुळे प्रकृती थांबण्याजोगी असेल तर केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी जनुकीय अहवालाची वाट पाहावी, बायोप्सीचा तुकडा इतर चाचण्यांतच संपू देऊ नये आणि तो अपुरा पडल्यास रक्तात उतरलेल्या गाठीच्या डीएनएची तपासणी करावी. कालांतराने या गोळ्यांनाही रोग दाद देईनासा होतो, तेव्हा हीच तपासणी पुन्हा करावी लागते. सरकारी आरोग्य योजनांनी तिचा खर्च उपचाराचाच भाग मानावा, आणि थुंकीत जंतू न सापडता टीबीची औषधे चालू असलेल्या रुग्णाचा डाग दोन महिन्यांत कमी झाला नाही, तर त्याला सीटी स्कॅनसाठी पाठवणे शहरातील सर्व दवाखान्यांना बंधनकारक करावे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
कोथरूड, पुणे