सिकलसेलच्या कार्डाला कायद्याचे कवच हवे

महोदय,

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे आणि तपासणी झालेल्यांना त्यांची जनुकीय स्थिती दर्शवणारे कार्ड दिले जाते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या जिल्ह्यांत रक्ताचा हा आनुवंशिक आजार घरेच्या घरे सोसत आली आहेत, त्यामुळे अभियानाच्या हेतूविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र एवढ्या मोठ्या लोकसंख्येची जनुकीय माहिती सरकारदरबारी नोंदली जात असताना, त्या माहितीच्या आधारे कोणाशी भेदभाव करू नये असे स्पष्टपणे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

सिकलसेलचा रुग्ण आणि वाहक यांतला फरक अजूनही पुरेसा रुजलेला नाही. ज्याला आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले, तो रुग्ण; ज्याला एकाकडूनच मिळाले, तो वाहक म्हणजे ‘एएस’. वाहक बहुधा आयुष्यभर धडधाकट असतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाने निर्दोष जनुकाच्या व्यक्तीशी लग्न केले तर रुग्ण मूल जन्मण्याची धास्ती नसते. कार्डाचा उपयोग एवढाच, की दोघांनी लग्नाआधी हे जाणून घ्यावे. प्रत्यक्षात कार्डावर ‘एएस’ दिसले की ‘मुलीत दोष आहे’ असे म्हणून स्थळ परत जाते, मग मुलगा निर्दोष जनुकाचा असला तरी. (मुलाचे कार्ड तितक्याच आग्रहाने मागितले जाते का, हा प्रश्न वेगळाच.) शिवाय ही माहिती एकट्या मुलीची नसते. ती वाहक असेल तर आईवडिलांपैकी निदान एकाकडे ते जनुक आहे, भावंडांकडेही असू शकते. म्हणजे एका कार्डाने सगळ्या घराची माहिती गावभर होते.

याच आजाराबाबत अमेरिकेने केलेल्या चुका आपल्याला ठाऊक असायला हव्यात. सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरील आजार आहे हे १९४९ मध्ये दाखवून देणाऱ्या लायनस पॉलिंग यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवण्याची सूचना केली होती! पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी तपासणी सक्तीची केली आणि निरोगी वाहकांनाही नोकरी व विमा नाकारला जाऊ लागला; वायुदलाच्या अकादमीचे दार तर १९८१ पर्यंत त्यांना बंद होते. तपासणी ऐच्छिक असेल तरच राज्यांना केंद्राचा निधी मिळेल, अशी तरतूद तेथील संसदेला १९७२ मध्ये करावी लागली. आरोग्यविमा आणि नोकरी यांतील जनुकीय भेदभावाला मनाई करणारा कायदा २००८ मध्ये झाला, तेव्हा त्याच्या प्रास्ताविकात सिकलसेलच्या या इतिहासाचा उल्लेख आवर्जून करण्यात आला. आयुर्विमा मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, आरोग्यविम्यातून सरसकट सर्व ‘जनुकीय विकार’ वगळणारे कलम भेदभाव करणारे ठरवले, ही जमेची बाजू. परंतु २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात जनुकीय माहितीला ‘संवेदनशील’ म्हणून जी वेगळी जागा दिलेली होती, ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात उरली नाही. तो वर्गच वगळण्यात आला. आणि माहितीच्या संरक्षणाचा कायदा कितीही कडक असला, तरी नोकरी देणाऱ्याने कार्ड मागितले आणि गरजू उमेदवाराने ते ‘संमतीने’ दाखवले, तर तो कायदा काय करणार?

यासाठी परदेशी नमुना शोधण्याचीही गरज नाही. एचआयव्हीबाधितांसाठी आपल्याच संसदेने २०१७ मध्ये केलेल्या कायद्यात नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा आणि भाड्याचे घर यांबाबत भेदभावाला मनाई आहे, विमा नाकारायचा तर सांख्यिकीय अभ्यासाचा आधार लागतो आणि संबंधित व्यक्तीच्या संमतीविना तिची स्थिती उघड करण्यावर बंधन आहे. हेच संरक्षण जनुकीय माहितीला द्यावे, आणि ते केवळ सिकलसेलपुरते न ठेवता थॅलेसेमियापासून आनुवंशिक कर्करोगापर्यंत सर्वांना लागू करावे.

कायदा होईल तेव्हा होईल. राज्याच्या आरोग्य आणि आदिवासी विकास विभागांना तोपर्यंत एक परिपत्रक काढता येईल. तपासणीचा निकाल त्या व्यक्तीला, आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांनाच, समुपदेशनासह एकांतात सांगावा. आश्रमशाळेत किंवा शिबिरात नावांची यादी वाचली वा लावली जाऊ नये. आणि प्रवेश किंवा नोकरीसाठी वाहकाचे कार्ड मागण्यास मनाई असावी.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर