क्रौंच किती, याइतकेच ते कुठे, हेही छापा

मा. संपादक,
स. न.

दुर्मीळ क्रौंचांची संख्या वाढल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. वाचून बरे वाटते. पण मोजलेले पक्षी किती ठिकाणी विखुरलेले होते, हे त्या बातमीत हटकून राहून जाते. रोगाच्या दृष्टीने खरी मेख तिथेच आहे.

जपानमधल्या इझुमीचेच पाहा. हुडेड क्रेन या संकटग्रस्त जातीचे जगातले बहुसंख्य पक्षी हिवाळ्यात तिथल्या भातखाचरांत उतरतात, कारण तिथे त्यांना वर्षानुवर्षे दाणा टाकला जातो. या दाण्याने त्यांना तारले, हे कबूलच करायला हवे. पण 2022-23च्या हिवाळ्यात बर्ड फ्लू शिरला आणि हजाराहून अधिक क्रौंच मेले. हा विषाणू विष्ठेतून, पाण्यातून पसरतो. हजारो पक्षी एकाच उथळ पाण्यात रात्र काढत असतील, तर त्याला आणखी काय हवे? आदल्याच हिवाळ्यात इस्रायलच्या हुला खोऱ्यात पाच हजारांवर क्रौंच याच रोगाने गेले होते. तिथला दाणा तर त्यांनी शेतातल्या पिकाला चोच लावू नये म्हणून! ते कॉमन क्रेन; ती जात संख्येने भरपूर, म्हणून निभावले.

उत्तर अमेरिकेतल्या हूपिंग क्रेन या अतिदुर्मीळ जातीला असला फटका परवडला नसता. 1941 साली हे पक्षी जेमतेम वीसएक उरले होते. 1984 मध्ये त्यांची पैदास करणाऱ्या अमेरिकेतल्या पटक्संट केंद्रात डासांमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराने 39 पैकी 7 दगावले. तिथल्याच सँडहिल या दुसऱ्या जातीच्या क्रौंचांना मात्र काही झाले नाही. पुढे माणसांसाठीची लस या पक्ष्यांना टोचण्यात आली. मला त्याहून शहाणपणाचा वाटतो तो 1989चा निर्णय. एका साथीत सगळेच जाऊ नयेत म्हणून केंद्रातले जवळपास निम्मे पक्षी दूर विस्कॉन्सिन राज्यातल्या बाराबू गावी हलवले गेले.

दाणा एकाएकी बंद करा, असे मी म्हणत नाही. उपाशी पक्षी आधी आजारी पडतो. पण तो एकाच जागी न टाकता लांबलांबच्या पाणथळींवर वाटून टाकावा. आणि आपण पुढच्या गणनेचा आकडा छापाल तेव्हा त्यातले किती पक्षी एकाच पाणवठ्यावर होते आणि त्या हंगामात किती मेलेले सापडले, या दोन ओळीही द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक पक्षीप्रेमी वाचक