जाड पत्रा म्हणजे दणकट गाडी नव्हे

महोदय,

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की 'तेव्हाचा पत्रा बघा, आताचा बोटाने दाबला तरी दबतो' हे वाक्य ठरलेले. पण जीव पत्र्याच्या जाडीवर वाचत नाही. २००९ साली अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने १९५९ ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ ची शेव्हर्ले मालिबू ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकवल्या. बेल एअरची केबिनच चेपली. तिच्यात चाचणीसाठी बसवलेल्या पुतळ्याच्या जागी माणूस असता तर दगावला असता. मालिबूतल्या पुतळ्याचे पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावले. नव्या गाडीचे नाक मुद्दाम चुरगळेल असे बनवतात, म्हणजे धडकेचा जोर तिथेच जिरतो आणि केबिन शाबूत राहते.

दुरुस्तीत मात्र जुनी गाडी सोपी, यात वाद नाही. कार्बोरेटरची (हवा-पेट्रोल यंत्रानेच मिसळणारी जुनी) गाडी झटके देऊ लागली तर जेटमधला, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातला कचरा, प्लग आणि ठिणगीची वेळ साधणाऱ्या स्विचची, म्हणजे सीबी पॉइंटची गॅप (बहुतेक गाड्यांत ०.४ मिमीच्या आसपास) पाहिली की दोष सहसा सापडतो. इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाच्या हिशेबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत त्याच झटक्यांमागे प्लगला वीज देणारी कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, हवा मोजणारा सेन्सर, काहीही असू शकते. दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने 'मिश्रण लीन' (हवा जास्त, पेट्रोल कमी) असा कोड दाखवला की धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. तो बिचारा फक्त निरोप्या! आधी थ्रॉटल (हवेची झडप) आणि इंजिन यांच्यामधल्या व्हॅक्युम होजमध्ये चीर आहे का पाहावे, मग इंधनाचा दाब. मिसफायर (मिश्रण नीट न पेटणे) एकाच सिलिंडरचा असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. कोडही तिकडे सरकला तर कॉइल गेली. जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासावा. या अदलाबदलीला एक पैसाही लागत नाही.

ऑइलमध्ये जुनी सवय नडते. ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतले तर थंड इंजिनात ते बारीक वाटांतून लवकर पोहोचत नाही, आणि ऑइलच्या दाबावर चालणारे व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) मंदावते. मॅन्युअलमधला आकडाच पाळावा.

जुनी गाडी हौसेने जरूर ठेवावी. फक्त ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतले पाणी शोषते. मग उतारावर तापून त्याची वाफ होते आणि पेडल सरळ खाली जाते. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचे चार अंक वाचावेत: ३५१४ म्हणजे २०१४ चा पस्तिसावा आठवडा. इतका जुना टायर कितीही कमी धावलेला असो, काढून टाकावा.

– एक मोटार मेकॅनिक