मार्च हातचा गेला तर मग जूनपर्यंत वाटच पाहावी लागते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरातून नागपूरकरांना एक गोष्ट सांगायची आहे आणि ती आत्ताच सांगायला पाहिजे, कारण एप्रिल लागल्यावर सांगून काही फायदा नाही. ज्यांना ज्यांना घरी चार कुंड्या लावायच्या आहेत, गच्चीवर भाजी करायची आहे, त्यांनी या महिन्यातच हात घाला. आपल्याकडे वसंत म्हणजे महाशिवरात्रीपासून पाडव्यापर्यंतचा जेमतेम महिना. त्यानंतर पारा चाळीसच्या पुढे आणि मे मध्ये पंचेचाळीस, तेव्हा नवीन बी रुजवणं म्हणजे बियाण्याचे हाल.

लोकांना उत्साह नाही असं मला वाटत नाही. फेब्रुवारीत नर्सरीत जाऊन पहा, किती गर्दी असते. पण घेतात काय तर पिटुनिया, डेलिया आणि टोमॅटोची रोपं, आणि ही सगळी थंडीची मंडळी, आपल्या उन्हात एप्रिलपर्यंतच मान टाकतात. टोमॅटोचं तर असं की दिवसाचं तापमान पस्तीसच्या वर गेलं की फुलं येतात आणि गळून जातात, फळ धरतच नाही. मग माणूस म्हणतो माझ्या हाताला गुण नाही आणि कुंड्या जिन्याखाली जातात. हाताचा काही संबंध नसतो हो, वेळ चुकलेली असते! व्हिडिओ पुण्या-बंगलोरचे पाहायचे आणि लावायचं नागपुरात, असं कसं जमेल.

आत्ता लावायचं ते भेंडी, गवार, चवळी, दोडके, काकडी, लाल माठ. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी बारा इंची कुंडीत दोन-तीन बिया टाका, आठवड्याभरात कोंब दिसतो, दीड-पावणेदोन महिन्यांत भेंडी तोडायला येते म्हणजे एप्रिल संपता संपता. लाल माठ तर महिनाभरात कापता येतो, लहान मुलांकडून पहिल्यांदा तोच पेरून घ्यावा कारण त्यांना लवकर काहीतरी दिसायला पाहिजे. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र सावलीत लावा नाहीतर लगेच फुलावर येतो. फुलांमध्ये मोगरा, सदाफुली, जास्वंद, चिनी गुलाब, हे आपल्या उन्हाचे सोबती आहेत.

आणि मातीकडे लक्ष द्या प्लीज. आपली काळी माती शेतात सोन्यासारखी पण कुंडीत एकटी टाकली की वाळून आकसते आणि कुंडीच्या कडेला भेग पडते, वरून घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खालच्या भोकातून निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. आपल्याला वाटतं रोज पाणी घालतो तरी झाड का सुकून राहिलं. म्हणून तिच्यात शेणखत आणि थोडी रेती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा, वरून वाळलेल्या पानांचा दोन-तीन बोटं थर द्या. गच्चीचा स्लॅब तापतो म्हणून कुंडीखाली दोन विटा, आणि एप्रिलपासून वर हिरवी जाळी. बाकी सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं ते सगळ्यांना माहीतच आहे.

पानांवरून आठवलं, याच दिवसांत कडुनिंब-पिंपळाची पानं ढिगानं झडतात आणि लोकं ती झाडून रस्त्याच्या कडेला पेटवून देतात. घनकचरा नियमांत उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे, पण नियम राहू द्या, मला जास्त वाईट याचं वाटतं की फुकटचं खत डोळ्यासमोर जळून राहिलं आणि तोच माणूस दुपारी दुकानातून खताची पिशवी विकत आणतो. प्रत्येक कॉलनीनं एका कोपऱ्यात पानांचा एक खड्डा केला तर किती घरांच्या कुंड्या निघतील!

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्यासाठी ती या पहिलीपेक्षा वेगळी नाहीच. गच्चीवर कितीही केलं तरी घरचं भागणार नाही, रोजची भाजी बाजारातूनच येणार. मग ती कळमेश्वर, हिंगणा, सावनेर साइडच्या शेतकऱ्याकडून थेट का घेऊ नये? ज्यानं एका कुंडीतली भेंडी मार्चच्या उन्हात जगवली आहे त्याला पावभर भेंडीमागे काय लागतं ते कळतं, तो भाव पाडत नाही आणि वर फुकट सांबार-मिरची मागत नाही, निदान मागू नये.

संत्र्याचंही सीझन चालू आहे, मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांची, फळं याच महिन्यांत येतात. काटोल-नरखेडकडे गेलात तर एका बगीच्यात फळं तोडणं चालू असतं आणि शेजारच्यात आंबिया बहाराच्या, म्हणजे थंडी सरता सरता येणाऱ्या, फुलांचा वास येतो. पण पुष्कळ शेतकरी बगीचा झाडावर असतानाच ठोक विकून टाकतात कारण गारपीट कधी येईल याचा भरवसा नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये ती दरवर्षीची भीती आहे. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ही अभिमानाची गोष्ट आहेच, पण शहरातल्या आपण लोकांनी दोन क्रेट थेट बागेतून घेतले, चार घरांत वाटून घेतले, तर मधला खर्च वाचतो आणि पैसा लावणाऱ्याच्याच हातात जातो. गारांचा मार लागलेलं, डाग पडलेलं संत्रंही घ्या, रस काढायला त्याला काय झालं?

माझ्या दोन मागण्या आहेत. महानगरपालिकेनं दहाही झोनमध्ये एकेक मैदान रविवारी सकाळी फक्त शेतकऱ्यांसाठी मोकळं ठेवावं, सावली आणि पिण्याचं पाणी एवढी सोय असली तरी पुरे. आणि तुम्हाला विनंती की आठवड्यातून एकदा छोटी चौकट छापा, "या आठवड्यात नागपुरात काय पेरायचं" म्हणून. महाराजबागेजवळ कृषी महाविद्यालय आहे, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, लिहिणारी जाणकार माणसं आपल्या शहरातच आहेत. पहिली चौकट पाडव्याच्या आधी आली तर भेंडी लावायला वेळ मिळेल.

आपली नियमित वाचक,
मानेवाडा, नागपूर