गाऊन नवा असावा, पण चालता येईल असा

संपादक महोदय,

मागे लांबलचक घोळ सोडणाऱ्या आणि इतरांची वाट अडवणाऱ्या गाऊनना फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाने 2025 मध्ये रेड कार्पेटवर मनाई केली, हे योग्यच झाले. खरे नावीन्य बेतण्यात असते. फ्रेंच फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी 1920 च्या दशकात कापड तिरपे बेतून अंगासरशी वळणारे, तरीही मोकळेपणाने वावरता येणारे पोशाख घडवले आणि त्यांची मोहिनी आजही ओसरलेली नाही. सांगलीतल्या स्वागत समारंभांत रेड कार्पेटवरील गाऊनच्या नकला दिसतात (त्यांवरचे जरदोसी काम अनेकदा सुरेख असते), मात्र स्टेजची पायरी चढताना नवरीला दोन्ही मुठींत घेर धरावा लागतो आणि करवली मागचा घोळ सावरत राहते. शेवटची शिलाई घालण्यापूर्वी कारागिरांनी नवरीला त्यात बसायला, वाकायला आणि जिना चढायला लावावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचिका, विश्रामबाग, सांगली