उतरल्यावर गाडी चालवू नकोस

चि. अशू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोन तू ठेवलास का आपोआप कट झाला ते विचारत नाही. आई म्हणाली रेंज गेली असेल. मी तिसऱ्यांदा झोपेचं विचारलं म्हणून तू वैतागलीस हे मला कळलं, आणि खरं सांगतो, मला राग आला नाही. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे चारला उठून चहा केला आणि टाईप करत बसलोय. फोनवर माझा आवाज चढतो, लिहिताना चढत नाही.

तू बोलता बोलता सहज बोलून गेलीस की गेल्या वर्षी टीमबरोबर लंडनहून परत आल्यावर विमानतळावरनं घरी येताना गाडी डिव्हायडरला घासली होती. भाजीत मीठ जास्त पडलं असं सांगावं तसं सांगितलंस, आणि लगेच यावर्षीच्या बॅगा भरण्याचं सुरू केलंस. वर्ष झालं अशू. त्या वेळी आम्ही दिवाळीच्या तयारीत होतो, आई तुझ्या नावानं करंज्या काढून ठेवत होती, आणि आम्हाला पत्ता नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तू सांग, नाहीतर नको सांगू, ते तुझं तू ठरव.

मी काल कॅलेंडर घेऊन हिशोब केला, एसटीत ड्युटीचं शेड्यूल लावायचो तसा. आज गुरुवार, रात्री तुमचं विमान फ्लोरिडातनं निघणार, आठेक तास, शुक्रवारी सकाळी लंडन. घड्याळ पाच तास पुढं. रविवारी तिथल्या वेम्बली स्टेडियममध्ये दुपारी अडीचला तुमच्या टीमचा सामना, म्हणजे फ्लोरिडाच्या घड्याळात सकाळचे साडेनऊ. सामना झाला की अंघोळी, पट्ट्या, बर्फ, सामान, आणि रात्री परतीचं विमान. उतरणार फ्लोरिडाच्या घड्याळात रात्री दीड वाजता. आता दोन-तीन दिवसांत तुझं अंग थोडंफार लंडनच्या घड्याळावर सरकलेलं असणार, आणि तिथं तेव्हा सकाळचे साडेसहा. अख्खी रात्र जागून काढलेलं माणूस तू, आणि पुढं चाळीस मिनिटं मोकळा हायवे. मोकळा रस्ता वाईट असतो बाळा. गर्दीत माणूस झोपत नाही, मोकळ्या रस्त्यावर झोपतं.

हे बघ, ठरवलं होतं पहिल्या पानातच हे नको काढायचं.

मला तुझ्या कामाचा अभिमान आहे हे आधी लिहायचं होतं. डेपोत अजून जातो मी चहाला, तिथं सगळ्यांना माहितीय आमची अशू अमेरिकन फुटबॉलच्या टीमबरोबर असती. सुरुवातीला सांगायचो तेव्हा लोक म्हणायचे फुटबॉल म्हणजे पायानं खेळतात तोच ना, आता तेच मला विचारतात यंदा कुठल्या देशात. मी पाठ करून ठेवलंय. यंदा, २०२५ ला, एनएफएलचे, म्हणजे तुमच्या लीगचे, सात सामने अमेरिकेच्या बाहेर, पाच देशांत. ब्राझीलचा आणि डब्लिनचा झाला, लंडनला तीन, त्यातला तिसरा तुमचा, मग बर्लिन आणि माद्रिद. पुढच्या वर्षी मेलबर्न, आणि तेही क्रिकेटच्या मैदानावर! तूच सांगितलं होतंस की इंग्लंडात एनएफएलच्या सीझनमधला पहिला सामना २००७ ला वेम्बलीतच झाला, न्यूयॉर्क आणि मायामी, १३-१०, आणि पावसानं मैदानाचा असा चिखल झाला होता की पोरं घसरत होती. तू तेव्हा सहावीत होतीस आणि शाळेच्या खो-खोत गुडघा फोडून घेऊन घरी आली होतीस. मीच हळद लावली होती. त्या पोरीनं आता ११०-१२० किलोच्या माणसांचे गुडघे सांभाळावेत, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि मागं आली होतीस तेव्हा माझा घोटा बांधलास ते मी विसरलेलो नाही. पांढरी पट्टी, कात्री न वापरता दोन बोटांनी टर्रकन फाडायचीस. आधी टाचेखालनं, मग आठच्या आकड्यासारखी फिरवून, एक सुरकुती पडू दिली नाहीस. म्हणालीस अण्णा, सामन्याच्या दिवशी असे किती घोटे बांधते माहितीय का, शेवटी अंगठ्याच्या कातडीला चिरा पडतात. मी तुझे अंगठे बघितले. स्टेअरिंगनं माझ्या तळव्याला घट्टे पडलेले, तुझ्या आजीच्या हाताला विळ्याचे, आणि तुझ्या अंगठ्याला पट्टीच्या चिरा. पट्टी सोडावी असं वाटेना मला, दोन दिवस तशीच ठेवली, आई ओरडली शेवटी.

तो डमार हॅमलिन नावाचा खेळाडू मैदानात कोसळला होता, जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत, हृदय थांबलं होतं पोराचं. त्याला जागेवर परत आणलं ते तुमच्याच खात्यातल्या माणसानं, टीमच्या ट्रेनरनं, छाती दाबत राहिला. तू फोनवर रडत सांगितलं होतंस. मी तेव्हा म्हणालो होतो की असं काम करणारी माणसं ताजी पाहिजेत, डोकं थाऱ्यावर पाहिजे. तेच आता म्हणतोय. खेळाडूंच्या झोपेची तुम्ही केवढी काळजी घेता, विमानात कधी झोपायचं, कधी पडदे उघडायचे, कॉफी किती वाजता बंद, सगळा तक्ता असतो. समोरची लॉस एंजेलिसची टीम तर बाल्टिमोरला खेळली आणि घरी गेलीच नाही, तिथंच बेसबॉलच्या मैदानावर आठवडाभर सराव करतेय, का तर पोरांची घड्याळातली आठ तासांची उडी दोन तुकड्यांत व्हावी. एवढं डोकं खेळाडूंसाठी. मग पट्टी बांधणारीच्या झोपेचा तक्ता कोण करणार? तू म्हणशील अण्णा मी काय खेळत नाही. नाही खेळत, पण त्यांच्या आधी उठतीस आणि त्यांच्या नंतर निजतीस. पुढच्या आठवड्यात टीमला सुट्टी आहे म्हणालीस, पण जखमी झालेल्या पोरांना सुट्टी नसती, सोमवारी सकाळी आठला तू हजर पाहिजेस. आणि आठला हजर व्हायचं म्हणजे रात्री गाडी हाणायची, घरी जायचं, दोन तास पडायचं आणि परत…

लेक्चर झालं. माफ कर. तू २९ वर्षांची आहेस, एकटीनं राहून शिकलीस, फी आम्ही अर्धीसुद्धा भरली नाही. बापानं अमेरिकेत गाडी कशी चालवायची शिकवावी असं काही नाही. पण एक गोष्ट आहे जी मी कुणालाच सांगितलेली नाही, आईलाही नाही, आणि ती सांगितल्याशिवाय माझं बोलणं तुला नुसती कटकट वाटणार.

१९९९ साल. तू तीन वर्षांची. दिवाळीचीच गर्दी होती, जादा गाड्या सोडलेल्या. मी सकाळी एक फेरी करून आलेलो, घरी जायला निघालो तर म्हणाले ड्रायव्हर कमी आहेत, स्वारगेट मारून या. नाही म्हणता आलं असतं. पण डबल ड्युटीचे पैसे मिळणार होते, आणि दादाला सायकल घ्यायची होती. गेलो. परत येताना रात्री एक-दीड झाला. खंबाटकी घाट. गाडी फुल्ल, उभी माणसंसुद्धा, सगळी झोपलेली. पुढच्या सीटवर एक बाई पोरगं मांडीवर घेऊन बसलेली, आरशात दिसत होती. मी खिडकी उघडी ठेवलेली, थंड वारा तोंडावर, तंबाखू तोंडात, मध्येच गालावर चापट मारत होतो. मला वाटत होतं मी जागा आहे. हेच लक्षात ठेव, मला वाटत होतं मी पूर्ण जागा आहे.

मग माझ्या कंडक्टरनं, शिंदेमास्तरांनी, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, वळण. एवढंच. ओरडले नाहीत. मी बघितलं तर कठड्याचे पांढरे दगड समोर, हेडलाईटमध्ये एवढे जवळ की त्यावरचा रंग उडालेला दिसत होता. वळवली गाडी. एक माणूस उठला नाही. त्या बाईनं फक्त पोराचं डोकं दुसऱ्या बाजूला घेतलं. मधले दोन-तीन सेकंद माझ्याकडं नाहीतच अशू, आजतागायत नाहीत. डुलकी लागताना कळत नाही, कळतं ते जागं झाल्यावर, आणि जागं करायला शेजारी मास्तर पाहिजे.

घाट उतरून गाडी बाजूला घेतली, पाय लटलट कापत होते. मास्तरांनी पाण्याची बाटली दिली आणि रिपोर्ट केला नाही. ते वारले तेव्हा मी वडूजला गेलो होतो, तुला आठवत असेल, आई म्हणत होती एवढं काय रडताय, कंडक्टरच तर होते. तिला मी काय सांगणार होतो.

सायकल आली त्या दिवाळीला. लाल. तू मागं कॅरिअरवर बसायचीस, दादाचा शर्ट धरून.

म्हणून तू डिव्हायडर म्हणालीस तेव्हा मला डिव्हायडर दिसला नाही, ते पांढरे दगड दिसले. तुझ्या गाडीत मास्तर नाही. तू म्हणतीस गाणी लावते मोठ्यानं, एसी फुल्ल करते. मी वारा घेत होतो, तंबाखू खात होतो, तेच ते.

व्हिसाचं पण डोक्यात आहे, टीममधल्या बहुतेकांना ब्रिटनचा व्हिसा लागत नाही आणि तुला काढावा लागला, परत अमेरिकेत येताना तुला वेगळ्या रांगेत उभं करतील, तिथं आणखी तास जाईल. कागदांची फाईल हातातल्या बॅगेत ठेव, बोटीनं पुढं गेलेल्या सामानात काही ठेवलं नाहीस ना? ठेवलं नसशीलच. तू माझ्यापेक्षा नीट आहेस.

तर मागणं एकच. जाताना गाडी विमानतळावर लावूच नको. टॅक्सीनं जा, टॅक्सीनं ये. तुझ्या त्या मैत्रिणीला बोलवायला संकोच वाटतो तर नको बोलावू, टॅक्सी कर. पैसे मी देतो, हसू नको, पेन्शनमधनं देतो, दादाला सांगून तुझ्या इथल्या खात्यात आजच टाकतोय म्हणजे नाही म्हणायला जागा राहणार नाही. टॅक्सीवाल्याला पण बघून घे, डोळे लाल असतील तर दुसरी कर. आणि सोमवारी आठच्या ऐवजी दहाला येते म्हणून सांगता येत असेल तर सांग. नसेल येत तर राहू दे, ते मी जास्त बोललो. टॅक्सीचं मात्र ऐक.

उद्या वसुबारस. आईनं चिवडा केलाय, यंदा जरा तिखट झालाय, तुला आवडला असता. आत्या येणार आहे रविवारी. सामना आपल्याकडं संध्याकाळी सातला, दादा लावून देणार आहे, आत्यालाही बघायचाय. गेल्या वर्षी तू दोन सेकंद दिसली होतीस, एका पोराजवळ गुडघ्यावर बसलेली, पांढरे बूट, केस टोपीत. आईनं टीव्हीला हात लावला होता. यंदा जिंका किंवा हरा, कुणाला लागू नये एवढं आम्ही देवापुढं म्हणतो, म्हणजे तुला बसायला लागणार नाही. पण मग दिसणार पण नाहीस, आई म्हणते.

सोमवारी नरक चतुर्दशी. तू उतरशील तेव्हा इथं सकाळचे अकरा वाजले असतील, पहिली अंघोळ, फराळ सगळं उरकलेलं असेल. मी फोन हातात घेऊन ओट्यावर बसतो. बोलायला नको, दमलेली असशील. गाडीत मागच्या सीटवर बसलीस की तिथनं एक फोटो पाठव, ड्रायव्हरची पाठ दिसली पाहिजे.

तुझे
अण्णा